शून्याखाली अठरा

थेंब पडायला चार सेकंद लागत होते. रेडिएटरच्या तळाशी असलेल्या तोटीच्या टोकाला तो आधी नुसता ओलसर चमकायचा, मग फुगायचा, लांबट व्हायचा आणि मान बारीक होऊन तुटायचा. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या डब्यावरच्या चित्रातला हिरवा रंग त्यात औषधालाही उरला नव्हता. गॅसवर विसरलेल्या चहासारखा तपकिरी थेंब, आणि मध्येच एखाद्यात गंजाचा कण. गाडीखाली सतरंजीवर उताणी पडलेल्या सुनेने सलग दहा थेंब मोजले. चाळीस सेकंद. या वेगाने तीन लिटर बाहेर यायला जवळपास तीन दिवस लागतील, असा हिशेबही तिने मनात मांडून टाकला.

“मोजत पडलीयेस ना?” वरून बाईंचा आवाज आला.

“नाही.”

“मग गप्प का? वरचं झाकण बंद आहे. हवा आत गेल्याशिवाय पाणी खाली येईल कसं? शास्त्र तू शिकलीस की मी?”

झाकण फिरल्याची करकर झाली, आत कुठेतरी एक उसासा सुटला आणि तोटीतून एकदम धार लागली. चार थेंब तिच्या मनगटावर उडाले. तिने टब दोन बोटं पुढे सरकवला, हात पुसला आणि सरपटत बाहेर आली. इमारतीच्या मागच्या फरसबंदीवर नुकतं कुठे उजाडत होतं. बाई बॉनेटशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांवर दोन तळवे ठेवून. मांडीवर कूलंटचे दोन नवे डबे आणि एक नरसाळं.

बाई म्हणजे तिच्या सासूबाई. पण त्यांना ‘आई’ म्हणणं तिला कधी साधलंच नाही, कारण आधी त्या तिच्या शिक्षिका होत्या. अठ्ठावीस वर्षं बाईंनी याच गाडीवर बायकांना ड्रायव्हिंग शिकवलं. गाडीला शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक होता, आणि बाईंचा एक पाय कायम त्याच्यावर. त्यांच्या क्लासचा एक नियम होता: जे करणार ते आधी तोंडाने म्हणायचं, मग करायचं. “आरसा बघितला. मागे स्कूटर आहे. ती जाऊ देणार. मग डावीकडे वळणार.” मनातल्या मनात ठरवलेलं बाईंना चालत नसे. मनातलं ब्रेकला ऐकू जात नाही, असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम असा की गाडीत बसलेल्या प्रत्येक बाईला त्या ‘तुम्ही’ म्हणत, मग ती महाविद्यालयातली मुलगी असो की आजीबाई. दार उघडून खाली उतरलं की पुन्हा ‘तू’.

चोविसाव्या वर्षी ती क्लासला आली होती, अंगापेक्षा मोठी प्रयोगशाळेची पिशवी घेऊन. सव्वा वर्षाने त्याच घरात सून म्हणून आली. बाईंचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, आधी दोन वर्षांसाठी, मग आणखी दोन, मग तिथलाच झाला. सहा वर्षांपूर्वी घटस्फोटाचे कागद आले. तिने प्रत्येक पानावर सही केली, पाकीट पोस्टात टाकलं आणि घरी परतली. बाईंनी दार उघडून एवढंच विचारलं होतं, “भाजी कोणती करू?” त्यानंतर ती कुठे गेली नाही, आणि कुठे जाणार असं बाईंनीही विचारलं नाही. शेजारपाजारच्या बायका फिरून फिरून त्याच मुद्द्यावर आल्या की बाई म्हणत, “माझी जुनी विद्यार्थिनी आहे ती. अजून पक्की झाली नाही, म्हणून ठेवून घेतलीय.”

धार बारीक झाल्यावर तिने खिशातून पेनाएवढं मीटर काढलं. पाण्यात किती काय विरघळलंय ते आकड्यात सांगणारं हे यंत्र शहराच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत ती दिवसातून शंभरदा वापरत असे. टोक टबात बुडवलं. दोन हजार आठशे साठ. तिने छोट्या वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला, रंगाच्या रकान्यात ‘तपकिरी, गढूळ’ असं लिहिलं.

“घाणीचा आकडा कशाला हवा?”

“दरवेळी निम्मा व्हायला हवा. आत सहा लिटर मावतं, पण तोटीतून तीनच येतं. बाकीचं इंजिनाच्या पोटात राहतं. तिथला बोल्ट गंजलाय. हलवला तर तुटेल, म्हणून त्याच्या वाटेला जात नाही.”

“म्हणजे सगळं स्वच्छ कधीच होणार नाही?”

“नाही. थोडं राहणारच. शंभराच्या खाली आकडा आला की थांबायचं.”

“हे बरं असतं तुम्हा प्रयोगशाळेवाल्यांचं,” बाई म्हणाल्या. “कुठे थांबायचं ते आधीच ठरलेलं.”

तिने मान वर करून पाहिलं. बाई नरसाळ्याला लागलेली धूळ पदराने पुसत होत्या.

गाडीचं पाणी बदलायचं हे बाईंनीच शुक्रवारी जेवताना काढलं होतं. तसं तातडीचं काही नव्हतं. क्लास बंद झाल्यापासून गाडी बाजार आणि दवाखाना यापलीकडे जात नव्हती. पण तिला बरंच वाटलं होतं. हात कामात राहिले असते तर डोकं पिशवीतल्या पाकिटाकडे गेलं नसतं.

पाकीट ऑफिसचं होतं. पाच तासांच्या अंतरावर, डोंगरातल्या एका गावात पाणी शुद्ध करण्याचा नवा प्रकल्प उभा राहिला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेला प्रमुख हवा होता. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारणा झाली, तेव्हा तिने ‘कौटुंबिक कारणामुळे शक्य नाही’ असं कळवलं. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा झाली. तेच वाक्य, तारीख फक्त बदललेली. आता तिसरं पत्र आलं होतं आणि खाली एक ओळ जादा होती: सोमवारी दुपारपर्यंत होकार न आल्यास नाव यादीतून वगळण्यात येईल. घरी तिने तिन्ही वेळा अवाक्षर काढलं नव्हतं. आज रविवार होता.

तोटी बंद करून तिने प्रयोगशाळेतून आणलेलं ऊर्ध्वपातित पाणी भरलं. इंजिन सुरू केलं. वरचा जाड पाइप हाताला गरम लागेपर्यंत थांबायचं, म्हणजे आतली झडप उघडून पाणी सगळीकडे फिरतं. मग बंद करून गार होऊ द्यायचं, आणि मगच सोडायचं. एका फेरीला सव्वा तास. घाई करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि तेच तिला आवडलं.

पहिल्या फेरीनंतर आकडा आला चौदाशे पन्नास. दुसरीनंतर सातशे साठ. ती हे लिहीत होती तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर कुत्र्याला घेऊन खाली आले. वीस वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला बाईंकडे शिकायला पाठवलं होतं आणि तिला गाडी चालवता यायला लागल्यावर स्वतः गुपचूप आले होते. क्लास बायकांचा असला तरी बाईंनी त्यांना घेतलं होतं. दोनदा नापास झाले होते.

“काय बाई, रूट कॅनाल चाललंय का?”

“हो. तुमच्यासारखं नाही हो, आम्ही घाण काढून मगच झाकण बसवतो.”

डॉक्टर मोठ्याने हसले. कुत्रा टबाकडे नाक लावायला निघाला तशी ती झटकन आडवी आली आणि टबावर फळी ठेवली.

“गोड लागतं ते त्याला,” ती म्हणाली. “पण विषारी असतं. दोन-तीन घोटसुद्धा पुरतात.”

“बघा, गोड ते सगळं वाईटच,” डॉक्टर कुत्र्याला ओढत म्हणाले. “मी रोज हेच सांगतो तर लोक मला हसतात. बाई, आता भंगारात द्या की ही गाडी. किती जीव लावाल?”

“तुमचे ओरखडे आहेत मागच्या दारावर. आठवण म्हणून ठेवलीय.”

तिसऱ्या फेरीला हिशेबाने तीनशे ऐंशी यायला हवे होते. आले चारशे सत्तर. तिने मीटरचं टोक धुतलं, पुसलं, परत बुडवलं. चारशे सत्तरच. आकड्याखाली तिने बारीक रेघ मारली.

अकरा वाजता बाईंचा फोन वाजला. दर रविवारी याच वेळेला मुलाचा फोन यायचा. ती बॉनेटखाली वाकून पाइपांच्या पट्ट्या चाचपत राहिली. इथून उठून जाणं तिला मुद्दाम केल्यासारखं वाटलं असतं.

“हं, बोल,” बाई म्हणाल्या. “नाही, खाली आहे. गाडीजवळ… पाणी बदलतोय… विकायची कशाला? चालतेय की… माझे गुडघे माझ्यापाशीच आहेत, बरे आहेत…” मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. “आहे ना. हो, इथेच आहे ती. अजून.” आणखी थोडं थांबून त्या म्हणाल्या, “बरं, ठेवते. हात ओले आहेत माझे.”

हात कोरडे होते. बाईंनी फोन डब्यांशेजारी ठेवला आणि मांडीवरची धूळ झटकली.

‘अजून’ हा शब्द तिच्या कानात राहिला. तिने वहीचं पान उलटलं, नवे रकाने आखले, पट्टी नसताना आखले तरी सरळ आले.

चौथी फेरी. दोनशे पस्तीसच्या जागी तीनशे चाळीस. आता ही मोजमापातली चूक नव्हती. ती टाचांवर बसली आणि चारही आकडे पुन्हा वाचले. उतार पहिल्या दोन पायऱ्यांना सरळ होता, मग पसरट होत चालला होता.

“आत कुठेतरी जुनं पाणी अडकून बसलंय,” ती म्हणाली. “थोडं थोडं झिरपून नव्यात मिसळतंय. कितीही धुतलं तरी रंग राहणार.”

“हीटर,” बाई म्हणाल्या.

इतक्या चटकन की तिने मागे वळून पाहिलं.

“हीटरचं बटण गारवर आहे. वीस वर्षं गारवरच आहे. आतली चावी बंद, म्हणून तिकडचं पाणी तिकडेच. आता कण निघून वाट थोडी मोकळी झाली असेल.”

ही चूक आपल्याकडून व्हायला नको होती, असं तिला वाटलं. पाणी सोडण्याआधी हीटर पूर्ण गरमवर करायचा असतो. तिने ते वाचलंही होतं. पण या गाडीला हीटर आहे हेच ती विसरून गेली होती. या शहरात थंडीतही पहाटे बारा अंशांच्या खाली पारा उतरत नसे.

“मग सोपं आहे,” ती म्हणाली. “हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकू. तो रस्ताच बंद. जुन्या गाड्यांना असंच करतात.”

“नको.”

“कुठे लागतो तो?”

“हीटर चालला पाहिजे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज क्लासमधला होता, वाद न घालणारा.

कुत्र्याला घरी सोडून परत गप्पा मारायला आलेल्या डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली. “हीटर? बाई, मी इथे सावलीत उभा राहून वितळतोय. काहीतरी पाणी मुरतंय बरं का इथे!”

“तुम्ही वर जा. घरात तुमची वाट बघताहेत.”

“घरात माझी कुणी वाट बघत नाही, म्हणून तर खाली येतो,” असं म्हणत डॉक्टर गेले.

हीटरचं बटण अर्ध्यावर येऊन अडलं. त्याची तार डॅशबोर्डच्या आतून जात होती. तिने शेजारची सीट पूर्ण मागे सरकवली, टॉर्च दातात धरला आणि पाय बाहेर ठेवून डोकं आत घातलं. वर जुन्या तारांचा गुंता, धूळ, एक वाळलेली केसांची पिन. तार सापडली. तिने तिला तेल लावलं, बोटांनी पुढेमागे केलं. तेव्हाच टॉर्चचा उजेड खाली, दुसऱ्या ब्रेकच्या पायपट्टीवर पडला.

पायपट्टीपासून एक लोखंडी दांडी मुख्य ब्रेकपर्यंत जायला हवी होती. दांडी होती, पण तिचं टोक सुटं होतं. मोडून पडलेलं नव्हतं. खिळा काढून, दांडी वर उचलून एका आडव्या पट्टीला सुती चिंधीने बांधून ठेवलेली होती. गाठ दुहेरी, नीट मारलेली. चिंधीवर धुळीचा जाड, राखाडी थर. तिने बोट फिरवलं. तळाशी कापड निळं होतं.

बोटाने तिने पायपट्टी दाबून पाहिली. ती सरळ खाली गेली, कशालाच न अडता, आणि स्प्रिंगने वर आली.

तिने ती आणखी एकदा दाबली.

“सापडली का तार?” बाहेरून बाईंनी विचारलं.

“सापडली,” टॉर्च काढून ती म्हणाली.

पाचवी फेरी दोघींनी गाडीत बसून काढली, कारण हीटरचा पंखा चालतो की नाही हेही बघायचं होतं. टळटळीत दुपार, बॉनेट उघडं, चारही काचा खाली आणि हीटर पूर्ण गरमवर. आधी जुन्या धुळीचा वास आला, मग एक कोमट फुंकर, आणि मग खरोखरच गरम वारा. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत ओघळला. बाईंनी त्यांच्या बाजूच्या जाळीसमोर तळवा धरला. थोडा वेळ धरून ठेवला, मग उलटा करून धरला.

“इकडेही येतोय,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.”

तिला हसू आलं आणि ते गिळावंसं वाटलं नाही. “बाई, भाजून निघू आपण.”

“सहन करा थोडं,” बाई म्हणाल्या. गाडीत होत्या ना.

बाईंचा उजवा पाय मेलेल्या पायपट्टीवर होता. नेहमीसारखा, हलका, टाच टेकलेली. ती त्या पायाकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत किती वेळा तिने गाडी काढली होती! गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला बाईंना नेलं तो भर पावसातला उतार. पुलावर चुकीच्या बाजूने समोर आलेली बस. प्रत्येक वेळी गाडी थांबली होती, आणि प्रत्येक वेळी मनात तिने त्यातलं अर्धं श्रेय शेजारच्या सीटला देऊन टाकलं होतं.

पाचव्या फेरीला आकडा उतरण्याऐवजी चढला. तीनशे सत्तर. टबात तपकिरी पापुद्रे तरंगत होते.

“वाढला?” बाईंनी विचारलं.

“वाढायलाच हवा होता. अडकलेलं बाहेर आलं.” तिने हे समाधानाने लिहून ठेवलं. सहाव्या फेरीला एकशे नव्वद. उतार पुन्हा सरळ. सातव्या फेरीचं पाणी तिने काचेच्या बाटलीत धरून उजेडाकडे केलं. बाटलीतून पलीकडची भिंत दिसत होती, विटा मोजता येतील इतकी. शहाण्णव.

“झालं,” ती म्हणाली.

साडेचार वाजले होते. बाईंनी मांडीवरचे दोन्ही डबे पुढे केले. तिने एक घेतला, सील फोडलं आणि नरसाळ्यातून ओतला. गर्द हिरवा, दाटसर. डबा रिकामा झाल्यावर ती पाण्याच्या कॅनकडे वळली.

“दुसरा राहिला,” बाई म्हणाल्या.

“एकच ओततो ना आपण दरवेळी? एक डबा आणि बाकी पाणी.”

“आज दोन्ही.”

तिने सवयीने मनात मांडणी केली. सहा लिटरात एक लिटरचा डबा म्हणजे शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत गोठणार नाही. दोन म्हणजे एक तृतीयांश.

“दोन टाकले तर शून्याखाली अठरापर्यंत गोठणार नाही,” ती म्हणाली. “गंजासाठी चांगलंच आहे. पण थंडीसाठी इथे एवढं…”

“इथे नाही,” बाई म्हणाल्या.

कॅनचं झाकण तिच्या हातात होतं. ते तिने परत बसवलं आणि फिरवत राहिली, बसल्यावरही.

“तिकडे नळात पाणी गोठतं म्हणे हिवाळ्यात,” बाई म्हणाल्या. “सकाळी हीटर लावल्याशिवाय काचेवरचं दव जात नाही.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुझ्या ऑफिसातली ती उंच बाई. माझ्याकडे होती शिकायला. महिनाभरात रिव्हर्स जमला नव्हता तिला. परवा बाजारात भेटली. म्हणाली, यंदा तरी सूनबाई हो म्हणणार का, की पुन्हा घरचं कारण? मी म्हटलं, घरात तर मी एकटीच असते. म्हणजे कारण मीच असणार.”

दूर कुणीतरी गॅलरीत गादी झटकत होतं. बाईंनी दुसरा डबा उचलून तिच्या हातात दिला.

“दोनदा माझ्या नावावर नाही म्हणालीस. मला विचारलंस?”

“नाही.”

“का?”

तिने सील फोडलं. ओतताना हात हलू नये म्हणून मनगट रेडिएटरच्या कडेला टेकवलं. हिरवी धार तुटल्याशिवाय नरसाळ्यात उतरत गेली.

“विचारलं असतं तर तुम्ही ‘जा’ म्हणाला असता.”

“मग?”

“मग जावं लागलं असतं.”

डबा रिकामा झाला. तिने तो उलटा धरून शेवटचे थेंब पडू दिले, सहा-सात, आणि मग पाण्याने पातळी खुणेपर्यंत आणली. इंजिन चालू ठेवून दोघी हवेचे बुडबुडे येताना बघत उभ्या राहिल्या. आधी मोठे, मग बारीक, मग एखादाच.

“ती दांडी कधी सोडवलीत?” तिने विचारलं.

“कुठली?”

“बाई, मी आत डोकं घातलं होतं.”

बाईंनी स्टुलाला धरून गुडघा सरळ केला. “तुझे ते कागद आले, त्यानंतर महिन्याभराने. शेजारी बसले की माझा पाय आपोआप दाबला जायचा. तुझं काही चुकत नसायचं. गाडी उगाच हिसके खायची आणि तू मला ‘सॉरी’ म्हणायचीस. पायाला किती सांगितलं, ऐकेना. मग दांडीच सोडवली.”

“मला सांगितलं नाहीत.”

“तू तरी मला कुठे काय सांगितलंस?”

यावर दोघींनाही हसू आलं, थोडंसं, एकमेकींकडे न बघता. तिने झाकण घट्ट बसवलं, तोटीखाली हात फिरवून पाहिला. कोरडी होती. बॉनेट बंद केलं. टबातलं पाणी तिने डब्यांत भरून झाकणं लावली. उद्या प्रयोगशाळेतल्या टाकाऊ रसायनांबरोबर ते द्यायचं होतं.

“चक्कर मारून बघायला हवी,” ती म्हणाली. “गरम होतेय का ते कळेल.”

बाई आपल्या बाजूने बसल्या, आधी पाठ, मग एकेक पाय हाताने उचलून आत. ती स्टीअरिंगवर बसली. गाडी फरसबंदीवरून निघाली, दुकानांच्या ओळीसमोरून, शाळेच्या कुंपणाशेजारून गेली. तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिर झाला. हीटर बंद करायचं कुणी नाव काढलं नाही. संध्याकाळ झाली होती आणि खिडकीतून आत येणारा वारा जाळीतून येणाऱ्या वाऱ्यापेक्षा थोडाच गार होता.

रस्ता संपतो तिथे तिने गाडी थांबवली. डावीकडे बाजार, नेहमीचा. उजवीकडे वळलं की पंधरा मिनिटांत महामार्ग. इशाऱ्याच्या दांडीवर तिचं बोट होतं, पण दांडी वरही गेली नव्हती आणि खालीही नाही.

“बोला,” बाई म्हणाल्या.

“आरसा बघितला. मागे…”

“वळायचं नाही विचारत मी.”

मागे खरंच कुणी नव्हतं. रस्ता शाळेपर्यंत रिकामा होता. तिने शेजारी पाहिलं. बाईंनी मेलेल्या पायपट्टीवरचा पाय उचलून सीटखाली घेतला होता, आणि तळवा पुन्हा जाळीसमोर धरला होता, जणू तिथून येणारा वारा त्यांना पुष्कळ दिवस पुरवायचा होता.

“तुमचं काय, बाई?”

“आधी स्वतःच्या गाडीचं बोला. शेजारच्याचं नंतर.”

तिने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, बरोबर तिथे, जिथे सोळा वर्षांपूर्वी ठेवायला शिकवले होते.

“आरसा बघितला,” ती म्हणाली. “मागे कुणी नाही. मी ती जागा घेणार आहे. उद्या सकाळी कळवणार, आणि पहिल्या तारखेला जाणार.”